नाचणाऱ्याचं तोंड कुणाकडे?

भाद्रपदात गौरी घरी आल्या की ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या गावांमध्ये रात्री फुगड्या रंगतात. दोघीजणी समोरासमोर उभ्या राहतात, हातांची अढी घालून एकमेकींना घट्ट धरतात, पावलं जवळ आणतात, अंग मागे झोकून देतात आणि फिरू लागतात. बघणाऱ्याला हा सणाचा खेळ वाटतो. पण तेवढ्या वेळात त्यांची शरीरं काय काय पेलत असतात हे समजून घेतलं, तर थक्क व्हायला होतं.

साधा हिशेब मांडून पाहू. फुगडी सेकंदाला एक फेरी या वेगानं फिरतेय आणि प्रत्येकीच्या शरीराचा मध्य फिरण्याच्या अक्षापासून अर्धा मीटर लांब आहे असं धरलं, तर तिला बाहेर फेकू पाहणारी ओढ तिच्या वजनाच्या सुमारे दुप्पट भरते. पन्नास किलोच्या बाईला जवळजवळ शंभर किलोची ओढ! ती पेलतात दोघींची मनगटं आणि जमिनीवर घट्ट रोवलेले तळवे. एकीनं हात सोडला तर दोघी फेकल्या जातील. त्यातही एक गंमत आहे. अंगानं भारी बाई लहान वर्तुळात फिरते आणि हलकी बाई मोठ्या वर्तुळात, कारण फिरण्याचा अक्ष दोघींच्या मिळून होणाऱ्या वजनाच्या मध्यातून जातो. हा मध्य कुणी मोजून काढत नाही. दहा वर्षांची नात आणि पंचेचाळिशीची आजी फुगडीला उभ्या राहिल्या तरी एक-दोन फेऱ्यांतच तो त्यांना आपसूक सापडतो.

आता प्रश्न येतो घेरीचा. आपल्या प्रत्येक कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात आणि त्यांत द्रव असतो. डोकं फिरू लागलं की द्रव थोडा मागे राहतो, त्यावरून मेंदूला कळतं की आपण फिरतोय. फिरत राहिलं की द्रवही वेग पकडतो, आणि शरीर थांबल्यावर तो मात्र थांबायला वेळ घेतो. म्हणून शरीर उभं असतं आणि जग फिरत राहतं. फुगडी घालणारी बाई या संकटावर जो उपाय करते तो तिला कुणी शिकवलेला नसतो. ती समोरचीच्या चेहऱ्याकडे बघते. घर, झाड, कंदील, सगळं पुसट होऊन वाहत जातं, पण तो एक चेहरा जागचा हलत नाही. नजरेला तिथे टेकू मिळतो.

माझ्या मते नाच समजून घेण्याची किल्ली इथे आहे. लोकनृत्य, भक्तिनृत्य आणि शास्त्रीय नृत्य यांतला फरक आपण पोशाखानं, वाद्यांनी किंवा पदव्यांनी सांगतो. मला तो दुसऱ्या एका गोष्टीत दिसतो. नाचणाऱ्याचं तोंड कुणाकडे आहे? त्याच्या नजरेला टेकू कुणाचा आहे? शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात वाढणाऱ्या मुलीच्या पायाखाली या तिन्ही नाचांच्या वाटा आहेत, आणि तिन्ही वाटांवर हा प्रश्न वेगळ्या रूपात भेटतो.

वर्तुळाच्या आत

माहुलीच्या पायथ्यापासून माळशेज घाटापर्यंतचा हा मुलूख ठाकर, कातकरी, वारली, महादेव कोळी यांचा आणि कुणबी-आगऱ्यांचा. ठाकरांचा ढोल आणि त्यावरचा कांबड नाच, गौरीचा नाच, बायकांचे फेर, हे सगळं इथलं. ठाकरांच्या जगण्याकडे अभ्यासकांचं लक्षही लवकर गेलं. लक्ष्मण नारायण चापेकर यांचा सह्याद्रीतल्या ठाकरांवरचा इंग्रजी ग्रंथ १९६० साली निघाला. चापेकरांचं गाव बदलापूर, मुरबाडच्या शेजारचं.

उत्तरेला वारली मुलखातला तारपा आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला आणि जव्हार, मोखाडा, डहाणू कागदावर ठाण्यातून गेले, पण सुरांना जिल्ह्याची हद्द नसते. तारपा म्हणजे वाळवलेला भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, आत फुंकरीनं थरथरणाऱ्या जिभा, मेणानं बुजवलेले सांधे आणि टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा. भाताचं पीक हाती येऊ लागलं की तो वाजू लागतो.

त्याची खरी नवलाई वाजवणाऱ्याच्या श्वासात आहे. तारप्याचा सूर तुटत नाही. वाजवणारा गालांत हवा साठवतो, ती गालांनी बाहेर दाबत असतानाच नाकानं नवा श्वास आत घेतो, आणि सूर अखंड चालू राहतो. असा श्वास साधायला वर्षं जातात. जव्हार तालुक्यातल्या वाळवंडे गावच्या भिकल्या लाडक्या धिंडा यांनी सारं आयुष्य या वाद्याला दिलं. नव्वदी गाठलेल्या या कलावंताला २०२६ साली पद्मश्री जाहीर झाली.

वाजवणारा मध्ये, आणि त्याच्याभोवती एकमेकांच्या कमरेत हात गुंफलेली माणसांची साखळी. साखळीच्या टोकाचा म्होरक्या घुंगरांची काठी जमिनीवर आपटत पुढे जातो. तारप्याची चाल बदलली की सगळ्यांची पावलं बदलतात. ‘आता बदला’ असं कुणी ओरडत नाही. साखळी गुंडाळते, उलगडते, पण एक संकेत पाळते: तारपा वाजवणाऱ्याकडे पाठ करायची नाही. जिव्या सोमा म्हसे यांनी वारली चित्रं जगभर नेली. त्या चित्रांतला गोल फिरणाऱ्या माणसांचा भोवरा आठवून पाहा. त्यात प्रेक्षक काढलेला नसतो, कारण या नाचाला प्रेक्षक नसतो. जो आला तो साखळीत शिरला.

इतकी माणसं एकाच वेळी पाऊल कशी बदलतात? याचं मूळ फार खोल आहे. २००९ साली हंगेरी आणि नेदरलँड्समधल्या संशोधकांनी दोन-तीन दिवसांच्या झोपलेल्या बाळांना ढोलाचा एकसारखा ठेका ऐकवला आणि मधूनच त्यातला मुख्य ठोका गाळला. बाळांच्या मेंदूनं ती चूक टिपली! म्हणजे पुढचा ठोका कधी येणार याची वाट बघायला माणूस जन्मापासूनच सज्ज असतो. चालायला वर्षभरानं शिकणारं मूल तालाची अपेक्षा मात्र पाळण्यातच धरतं. ढोल घुमला की ठाकरवाडीतल्या लहान पोराचे पाय आपोआप पडतात, त्यामागे ही उपजत तयारी आहे. साखळीत शिरल्यावर त्याला शेजाऱ्याच्या कमरेवरच्या हातातून पुढची हालचाल कळते. नाच त्याच्याकडे डोळ्यांआधी हातातून आणि कानातून येतो.

विठ्ठलासमोर

आता सप्ताहाच्या मांडवात या. शहापूर-मुरबाड या दोन्ही तालुक्यांत अखंड हरिनाम सप्ताह गावोगाव होतात. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही, म्हणून गावकरी पहारे वाटून घेतात. पहाटे काकडा, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, शेवटी काला. यातली हरिपाठाची वेळ ही पावल्यांची वेळ.

मध्ये वीणेकरी, पखवाजवाला, आणि टाळकऱ्यांच्या समोरासमोर दोन रांगा. आठ मात्रांचा भजनी ठेका संथ सुरू होतो. टाळ छातीशी वाजतात, मग डोक्यावर जातात. पाऊल पुढे, मागे, बाजूला. अर्धी गिरकी, बैठक, पुन्हा उभं. लय चढते तशी पावली बदलते. इथेही रांगेच्या शेवटी लहान मुलं उभी असतात आणि पुढच्याच्या टाचेकडे बघून शिकतात. वारकरी शिक्षणाची रीतसर सोयही आहे. विष्णुबुवा जोगांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था स्थापली आणि तिथून शिकून गेलेले कीर्तनकार आणि मृदंगवादक महाराष्ट्रभर पसरले. पण पावली बहुतेकांना येते ती मांडवातच, बघून बघून.

आणि मग हरिपाठ रंगात आला की तीच फुगडी पुन्हा अवतरते. फेटा बांधलेले दोन वारकरी हातांची अढी घालतात आणि गौरीपुढे बायका फिरतात तसेच फिरतात. शास्त्र तेच, ओढ तीच. फक्त संदर्भ बदललेला असतो. फुगडी संपली की दोघे एकमेकांच्या पायांना हात लावतात. नजरेला टेकू देणारा समोरचा चेहरा वारकऱ्याच्या लेखी विठ्ठलाचाच असतो. वयानं मोठा माणूस लहान्याच्या पाया पडतो, हे रोजच्या व्यवहारात घडत नाही. इथे ते सहज घडतं.

नाच आणि भक्ती यांची गाठ मराठीत जुनी आहे. कीर्तनाच्या रंगात नाचणारे म्हणून संत नामदेवांची ओळख आहे. कान्होपात्रेची कथा तर फार हृद्य आहे. मंगळवेढ्याच्या गणिकेची ही मुलगी, नाच-गाण्यात तयार झालेली. बिदरच्या बादशहाचं बोलावणं आलं तेव्हा तिनं पंढरपुरात विठ्ठलाच्या पायांशी देह ठेवला, असं परंपरा सांगते. तिची जागा विठ्ठल मंदिराच्या आवारातच आहे. ज्या कलेमुळे समाजानं तिला बाजारात उभं केलं असतं, तिच्यासह विठ्ठलानं तिला आपल्या अंगणात ठेवून घेतलं, असं मराठी मन मानत आलं. त्या मनाची ही फार मोठी उंची आहे.

एकटीनं उभं राहणं

शास्त्रीय नृत्यात पहिला धक्का बसतो तो एकटेपणाचा. कमरेत गुंफलेला हात नाही, समोर फुगडीचा चेहरा नाही. कथकच्या चक्कराचंच बघा. नर्तिका टाचेवर एकटी फिरते. घेरी येऊ नये म्हणून ती समोर एक बिंदू धरते. अंग वळत जातं, डोकं मात्र शक्य तितका वेळ त्या बिंदूकडे राहतं आणि मग झटक्यात फिरून अंगाच्या आधी पुन्हा तिथे पोचतं. डोकं जवळजवळ स्थिर राहिल्यानं कानातल्या द्रवाचा गोंधळ कमी होतो. २०१३ साली लंडनच्या इम्पीरिअल कॉलेजमधल्या संशोधकांनी बॅले नर्तकींची तुलना होडी वल्हवणाऱ्या खेळाडू मुलींशी केली. कानाकडून येणारी गरगरण्याची खबर हाताळणारा लहान मेंदूचा भाग नर्तकींमध्ये आकारानं वेगळा, लहान आढळला. वर्षानुवर्षांच्या रियाजानं शरीराबरोबर मेंदूही घडवला होता. गावातली बाई मैत्रिणीच्या चेहऱ्याकडून जे मिळवते, ते एकटीनं मिळवायला नर्तिकेला मेंदू बदलावा लागतो!

गणितही तितकंच देखणं. तीनतालाच्या सोळा मात्रा, पहिली मात्रा सम. पाच मात्रांचा एक बोल घ्या, मग एक मात्रा विसावा, पुन्हा तोच बोल, पुन्हा एक मात्रा विसावा, पुन्हा तोच बोल. पाच, एक, पाच, एक, पाच: बेरीज सतरा. समेवर सुरू केलेली ही तिहाई सोळा मात्रा ओलांडून नेमकी पुढच्या समेवर उतरते. प्रेक्षक दाद देतात ती या उतरण्याला. चक्करं घेत असताना हा हिशेब मनात नव्हे, पायांत चालू असावा लागतो.

भरतनाट्यममध्ये गुडघे बाहेर वळवून अर्धं बसण्याची अरमंडी असते. त्या बैठकीत अडवू, म्हणजे पदन्यासाचे मूळ घटक, तीन लयींत घोटायचे: एकपट, दुप्पट, चौपट. त्याच जोडीला तीन, चार, पाच, सात, नऊ अशा मोजणीच्या पाच जाती. या नृत्याला म्हणून जमीन चांगली लागते. सारवलेल्या अंगणाची माती पायाचा आघात थोडा सोसते, लाकडी रंगमंचही सोसतो. सिमेंटची फरशी तो जसाच्या तसा गुडघ्यात परत पाठवते.

आणि अभिनय! ‘अभिनयदर्पणा’त नंदिकेश्वर हात, नजर, मन, भाव आणि रस यांची एक साखळीच मांडतात. एका हाताच्या अठ्ठावीस मुद्रा त्यात आहेत. एकटी नर्तिका क्षणात यशोदा होते, पापणी लवते तोवर कृष्ण होते. समोर कुणी नसताना तिची नजर ज्या उंचीवर टेकते, तिथे आपल्याला मूल दिसू लागतं. टेकू आता तिनं स्वतः निर्माण केलेला असतो.

हे आपलंही आहे

भरतनाट्यम म्हणजे दक्षिणेचं, परकं, असं कुणाला वाटत असेल तर त्यानं तंजावरकडे बघावं. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी १६७५ च्या सुमारास तिथे भोसल्यांची गादी स्थापली. तिथले दुसरे सरफोजीराजे १७९८ ते १८३२ गादीवर होते. त्यांच्या दरबाराच्या आश्रयाला चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार भाऊ होते. अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंतचा आजच्या कार्यक्रमाचा क्रम बसवण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं. सरफोजीराजांनी नाचासाठी मराठीत निरूपणं रचली, एकेका कथेभोवती क्रमानं गुंफलेली. म्हणजे ज्या काळात भरतनाट्यमला आजचं रूप येत होतं, त्या काळात त्याच दरबारात त्याची एक भाषा मराठी होती.

हा ठेवा महाराष्ट्रात परत आणला आचार्य पार्वतीकुमार यांनी. कोकणातून मुंबईत आलेल्या, १९२१ साली जन्मलेल्या या गुरूनं तंजावरच्या रचनांवर वर्षानुवर्षं काम करून ‘तंजावर नृत्यप्रबंध’ सिद्ध केला. त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर यांनी त्या रचना रंगमंचावर आणल्या. तंजावर परंपरेतल्या किट्टप्पा पिळ्ळै यांच्याकडेही त्या शिकल्या. पुढे त्यांनी हिंदुस्थानी रागसंगीतावर भरतनाट्यम बांधलं आणि त्याला ‘नृत्यगंगा’ नाव दिलं. मराठी कानाला ओळखीचे सूर आणि दक्षिणी पदन्यास यांना एकत्र नांदवणारं हे काम एका नर्तिकेच्या कारकिर्दीची व्याप्ती दाखवतं. त्यांच्या आधीच्या पिढीत रोहिणी भाटे यांनी १९४७ साली पुण्यात ‘नृत्यभारती’ सुरू केली. मध्यमवर्गीय घरातल्या मुलीनं रंगमंचावर नाचणं तेव्हा धाडसाचं होतं. त्यांनी कथकला मराठी घरांत मानाचं पान मिळवून दिलं आणि शिष्यांच्या पिढ्या घडवल्या.

शहापूर-मुरबाडच्या मुलीसाठी आज वाट कशी आहे? अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून सुरू होतात आणि विशारद पूर्णपर्यंत सात टप्पे आहेत, पुढे अलंकार. मुंबईत कनक रेळे यांनी उभारलेलं नालंदा नृत्य महाविद्यालय आहे, पुणे विद्यापीठात ललित कला केंद्र आहे. पण शहापूरहून आसनगाव स्टेशन गाठून कसाऱ्याची लोकल धरावी लागते आणि मुरबाडहून एसटीनं कल्याणला यावं लागतं. एका तासाच्या तालमीसाठी अर्धा दिवस प्रवासात जातो. त्यानंतर अरमंडीत बसायचं! ज्या मुली हे करतात आणि पुढे आपल्याच गावात वर्ग काढतात, शाळेच्या स्नेहसंमेलनात आदिवासी नाच आणि अभंगावरचं नृत्य दोन्ही मनापासून बसवतात, त्यांच्याविषयी मला अपार आदर आहे. पैसा थोडा आणि मेहनत फार, अशीच ही कारकीर्द असते. तरी त्या टिकतात.

आता सुरुवातीचा प्रश्न तिन्ही ठिकाणी एकदम विचारून पाहू. साखळीतला नाचणारा तारप्याकडे पाठ करत नाही. टाळकऱ्यांच्या रांगा वीणेकडे तोंड ठेवून मागे सरतात. देवळातून निघतानाही आपण चार पावलं देवाकडे तोंड ठेवूनच मागे येतो. आणि भरतनाट्यम करणारी मागे जाते तीही बहुतेक वेळा रसिकांकडे तोंड ठेवूनच. तिन्ही जागी नियम एकच निघतो: जिथून तुला बळ मिळतं तिकडे पाठ करू नकोस. साखळीत ते बळ सुराचं, मांडवात विठ्ठलाचं, रंगमंचावर रसिकाचं.

म्हणून लोकनृत्य ही खालची पायरी, भजन मधली आणि शास्त्रीय सर्वांत वरची, ही उतरंड मला पटत नाही. हे तीन संबंध आहेत. साखळी सगळ्यांत मिसळायला शिकवते, पावली समोरच्यात देव बघायला शिकवते, रंगमंच एकटीनं पूर्ण व्हायला शिकवतो. तिन्ही ज्या शरीरात मुरले आहेत, ती नर्तिका श्रीमंत.

तेव्हा गावाकडे नृत्याचा वर्ग चालवणाऱ्या प्रत्येक ताईला माझं आग्रहाचं सांगणं आहे. नवी मुलगी आली की अडवू शिकवण्याआधी तिला विचारा, तुला फुगडी येते का, पावली येते का, ढोलावर नाचतेस का. मग तिला ते करून दाखवू द्या. समतोल, ताल आणि समोरच्यावरचा विश्वास यांची किती शिदोरी तिनं घरूनच आणली आहे हे तुम्हाला दिसेल, आणि तुमचं शिकवणं शून्याऐवजी तिथून सुरू होईल.